एकवीस हजार खुर्च्या आणि एक माइक

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्री लाइट बंद करून पडल्या पडल्या ऐकत असाल, तुम्हा सगळ्यांचं स्वागत. बरेच जण मेसेज करतात की 'ताई, ऐकायला वेळ नाही, लिहून टाक ना', त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतेय.

आजचा विषय आहे एक हॉल. पण केवढा हॉल, ते आधी सांगते. मुंबईचं षण्मुखानंद सभागृह आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. तिथे साधारण पावणेतीन हजार माणसं बसतात, आणि आपल्याला ते प्रचंड वाटतं. आता अशी सात षण्मुखानंद एकाच छपराखाली जोडा, आणि मध्ये एकही खांब ठेवू नका. वानखेडे स्टेडियमच्या जवळजवळ दोन तृतीयांश गर्दी, पण बंद हॉलमध्ये, गुबगुबीत खुर्च्यांवर बसलेली. आसनसंख्या २१ हजार.

हा हॉल आहे अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. नाव अगदी साधं, 'कॉन्फरन्स सेंटर'. नाव ऐकून वाटतं, आयटी कंपन्यांची सेमिनार होत असतील. पण ही वास्तू एका धर्मपंथाची आहे. आपण ज्यांना 'मॉर्मन' म्हणून ओळखतो, त्यांच्या चर्चची. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, असं ते स्वतः २०१८ पासून आवर्जून सांगतात. त्यांच्या जगप्रसिद्ध 'मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर'चं नावही त्याच वर्षी बदलून 'द टॅबरनॅकल क्वायर ॲट टेंपल स्क्वेअर' झालं.

मी कामासाठी अमेरिकेत होते आणि या शहरात मला दोन दिवस मोकळे मिळाले. माझा त्या पंथाशी काही संबंध नाही. पण आवाज हा आपला धंदा आहे ना! एकवीस हजार माणसांना एकाच वेळी एकच आवाज नीट ऐकू येतो तरी कसा, हे मला बघायचं होतं.

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका. ही माणसं १८४७ मध्ये इथे आली. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांतून त्यांना हुसकावून लावलं होतं. त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला १८४४ मध्ये जमावाने मारलं. मग ब्रिगम यंगच्या मागोमाग हे लोक बैलगाड्या घेऊन, पायी चालत, डोंगर ओलांडून या कोरड्या खोऱ्यात येऊन पोचले. तारीख होती २४ जुलै. युटामध्ये आजही त्या दिवशी सुट्टी असते.

आल्यावर वर्षातून दोनदा सगळ्यांनी एकत्र जमायचं, ही प्रथा त्यांनी चालू ठेवली. एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा. त्यासाठी १८६७ मध्ये 'टॅबरनॅकल' नावाचं सभागृह उभं राहिलं. बाहेरून ते पालथ्या घातलेल्या होडीसारखं किंवा कासवाच्या पाठीसारखं दिसतं. लाकडी कमानींचा घुमट, जोडायला लाकडी खुंट्या, आणि लाकूड फाटलं तिथे आवळून बांधायला कच्चं चामडं. त्या काळात तिथे लोखंड मिळणं कठीण होतं, मग करणार काय?

आणि या टॅबरनॅकलची एक गंमत आहे. गाइड पुढे उभा राहून टाचणी खाली टाकतो आणि आपल्याला शेवटच्या बाकावर 'टिक' ऐकू येतं. माइक नाही, स्पीकर नाही. मी मुद्दाम डोळे मिटून ऐकलं. खरंच येतं ऐकू.

पण लोक वाढत गेले आणि टॅबरनॅकल पुरेना. बाहेर हिरवळीवर बसून लाउडस्पीकरवर भाषणं ऐकायची वेळ आली. मग १९९६ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी नव्या इमारतीची घोषणा केली. १९९७ च्या २४ जुलैला, म्हणजे त्याच जुन्या तारखेला, भूमिपूजन झालं आणि २००० च्या एप्रिलमध्ये पहिली परिषद नव्या हॉलमध्ये भरली. तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत! समोरचं त्यांचं मंदिर बांधायला चाळीस वर्षं लागली होती, १८५३ ते १८९३.

आता आत जाऊया.

तिकीट नाही. दारात बॅग तपासतात आणि एक आजोबा गाइड म्हणून सोबत येतात. हे सगळे स्वयंसेवक. आमचे आजोबा निवृत्त शिक्षक होते, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर 'समजलं?' अशा नजरेने बघायचे.

पहिल्यांदा बाल्कनीत पाऊल टाकलं तेव्हा मी गप्पच झाले. डोकं आपोआप खांब शोधायला लागतं. इतकं मोठं छप्पर, काहीतरी आधार असेलच की! पण नाही. आजोबांनी हाताची बोटं पसरून समजावलं. छपराच्या पोलादी तुळया मागच्या अर्धगोलाकार भिंतीकडून निघतात आणि पंख्याच्या काड्यांसारख्या पुढे येऊन व्यासपीठाच्या बाजूला एका अवाढव्य तुळईवर टेकतात. म्हणून मधे खांब लागत नाही आणि कुठल्याही खुर्चीवरून व्यासपीठ दिसतं. इमारतीचं एकूण क्षेत्रफळ आहे सुमारे १४ लाख चौरस फूट. बाहेरचा ग्रॅनाइट दगड शेजारच्या लिटल कॉटनवुड दरीतला. मंदिरासाठीसुद्धा याच दरीतून दगड आणला होता.

पुढे व्यासपीठावर मधोमध एक लाकडी पोडियम आहे. त्याची गोष्ट मला फार आवडली. हिंकलींनी आपल्या परसात अक्रोडाचं एक झाड लावलं होतं. तीसेक वर्षांनी ते झाड वठलं. त्याच लाकडातून हा पोडियम बनवला. पोलाद, दगड, काच, एवढा सगळा पसारा, आणि बरोबर मध्यभागी कुणाच्या तरी अंगणातलं झाड.

पोडियमच्या मागे क्वायरच्या जागा आणि त्यांच्या मागे पाइप ऑर्गन. सॅन फ्रान्सिस्कोच्या शोनस्टाइन कंपनीने बनवलेला. साडेसात हजारांहून जास्त पाइप! काही पेन्सिलएवढे, काही इमारतीएवढे. आपल्याला दर्शनी भागात दिसतात ते थोडेसेच, बाकीचे मागे लपलेत.

आता आवाजाकडे येते, कारण मी त्याच्यासाठीच गेले होते.

मी आजोबांना विचारलं, 'इथे टाचणी टाकून दाखवाल का?' ते हसले. म्हणाले, 'टाका की! पण ऐकू फक्त तुम्हालाच येईल.'

कारण साधं आहे. टॅबरनॅकलमध्ये कडक भिंती, लाकडी बाक, गोल घुमट. आवाज आपटतो, फिरतो, सगळीकडे पोचतो. या नव्या हॉलमध्ये खाली कार्पेट, खुर्च्यांना गाद्या, आणि अंतर एवढं की आवाज तसाच घुमू दिला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. लग्नाच्या मोठ्या हॉलमध्ये निवेदक काय बोलतोय ते एक अक्षर कळत नाही ना? तसं झालं असतं. म्हणून इथे घुमणारा आवाज खाऊन टाकायचा आणि बोलणाऱ्याचा आवाज माइकमधून घेऊन स्पीकरने प्रत्येकाच्या कानाशी पोचवायचा, असं गणित आहे. टॅबरनॅकलमध्ये इमारतच तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत नेते. इथे ते काम यंत्रांकडे दिलंय. आणि त्याच यंत्रांमुळे तो आवाज हॉलच्या बाहेर, जगभर जातो. तळघरात दुभाष्यांचे बूथ आहेत. परिषदेतली भाषणं डझनावारी भाषांमध्ये जातात. हिंदी आहे, तमिळ आहे, तेलुगू आहे.

पॉडकास्टवाल्यांनी कान टवकारावेत अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या क्वायरचा 'म्युझिक अँड द स्पोकन वर्ड' नावाचा साप्ताहिक कार्यक्रम आहे. तो १५ जुलै १९२९ ला रेडिओवर सुरू झाला आणि आजही चालू आहे. पंच्याण्णव वर्षांहून जास्त! आपण दहा भाग केले की दमतो. त्या पहिल्या दिवशी टॅबरनॅकलमध्ये माइक एकच होता. क्वायरला आणि ऑर्गनला पकडायला तो उंचावर टांगलेला. मग निवेदकाने काय करावं? टेड किंबल नावाचा १९ वर्षांचा पोरगा शिडीवर चढला आणि कार्यक्रमभर तिथेच उभा राहिला. गाणं संपलं की बोलायचं, बोलून झालं की श्वास रोखून गप्प. उशांच्या किल्ल्यात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा तो पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मी रविवारी सकाळी तो कार्यक्रम ऐकायला गेले. थेट प्रक्षेपण साडेनऊला, पण सव्वानऊच्या आत जागेवर बसावं लागतं. क्वायरमध्ये साधारण ३६० माणसं. कुणालाही पगार नाही. कुणी दंतवैद्य, कुणी शिक्षिका, कुणी गृहिणी, कुणी वकील. नियमही कडक आहेत. प्रवेशाचं वय २५ ते ५५, आणि वीस वर्षं झाली किंवा साठी आली की निवृत्ती, गळा कितीही चांगला असो. एरवी शंभर मैलांच्या आत राहणाऱ्यांनाच घेतात, पण २०२३ पासून इतर देशांतल्या काही गायकांनाही पाहुणे म्हणून बोलावायला लागलेत.

मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. हजारो माणसं, लहान मुलंसुद्धा, आणि अर्धा तास एकही टाळी नाही. ऑर्गनचा खालचा सूर लागला ना, तो कानाला नाही, आधी खुर्चीला कळतो. मग छातीला. ३६० माणसं एकाच वेळी श्वास घेतात, तो श्वाससुद्धा माइकमुळे ऐकू येतो. शब्द माझ्या देवाचे नव्हते. तरी डोळ्यांत पाणी आलं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. कीर्तनात बसलेल्या नास्तिकालाही कधीतरी होतंच की असं.

कार्यक्रमानंतर मी गच्चीवर गेले. गच्ची म्हणजे बाग आहे. चार एकर! झाडं, रानगवत, पाणी, आणि समोर बर्फाचे डोंगर. तिथे मला ती भेटली.

टेंपल स्क्वेअरवर तरुण मिशनरी मुली फिरत असतात. जोडीजोडीने. छातीवर नावाची पट्टी आणि आपापल्या देशाचा छोटा झेंडा. एका मुलीच्या पट्टीवर तिरंगा! मी काही बोलायच्या आधीच तिने हिंदीत विचारलं, 'दीदी, आप इंडिया से?'

हैदराबादची. वय एकवीस. तिची जोडीदार ब्राझीलची, ती शहाण्यासारखी दोन पावलं लांब उभी राहिली. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही असा नियम असतो. मुलींचं मिशन दीड वर्षाचं, मुलग्यांचं दोन वर्षांचं. पगार नाही, उलट खर्च स्वतः किंवा घरच्यांनी करायचा. आणि कुठे जायचं ते चर्च ठरवतं.

आता स्पष्ट सांगते, ती तिथे धर्मप्रचारासाठीच होती. तिने मला एक कार्डही दिलं. मी म्हटलं, 'घेते, पण माझा इरादा नाही.' ती म्हणाली, 'चालेल दीदी. मग नुसतं बोलूया?' परदेशात आपल्याकडचं माणूस भेटल्यावर बोलायची भूक असते, ती तिच्याही चेहऱ्यावर दिसत होती.

मी विचारलं, 'घरी काय म्हणतात?'

ती थोडी थांबली. आई आणि ती चर्चमध्ये जातात. बाबा नाहीत. बाबांना हे सगळं कधीच पटलं नाही. ती इथे यायला निघाली तेव्हा ते स्टेशनवर आले नाहीत. पूर्वी मिशनरींना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा. २०१९ मध्ये नियम बदलला, आता आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल चालतो. 'पहिले चार महिने बाबा स्क्रीनवर आलेच नाहीत,' ती म्हणाली. 'मग एकदा मागून चालत गेले. मग एकदा दारात उभे राहिले.'

एप्रिलच्या परिषदेत एका सत्रात तिला बाल्कनीत जागा मिळाली होती. आई घरी फोनवर तेलुगूतून ऐकत होती. आणि पहिल्यांदाच बाबा शेजारी येऊन बसले. भाषणातलं एक वाक्य त्यांनी ऐकलं नाही. पण कॅमेरा लोकांवरून फिरायला लागला की म्हणायचे, 'थांबव. थांबव. ह्यात कुठे आहे ती?'

मंडळी, एकवीस हजार खुर्च्या! आणि हैदराबादमध्ये एक माणूस सहा इंचाच्या स्क्रीनवर त्यातली एक खुर्ची शोधतोय.

'सापडलीस का?' मी विचारलं.

'नाही. पण त्या आठवड्यात कॉलवर बाबा पहिले बोलले. विचारलं, जेवतेस ना नीट?'

मला यावर काही बोलता आलं नाही. बापाचं बरोबर की मुलीचं, हा निवाडा करणारी मी कोण! पण आपल्यातल्या किती जणांच्या घरात हे चालू आहे? कारण धर्म नसेल, करिअर असेल, लग्न असेल, शहर सोडणं असेल. फोनच्या एका टोकाला आपण आणि दुसऱ्या टोकाला दारात उभं असलेलं कुणीतरी.

अवघड प्रश्नही मी विचारले. मुलीला अडचणीत आणायचं म्हणून नाही, तर फक्त कौतुक करून परत येणं मला जमत नाही म्हणून.

या चर्चमध्ये पुरोहिताचे अधिकार फक्त पुरुषांकडे आहेत. परिषदेत सगळ्यांसमोर प्रार्थना म्हणण्याची संधी पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. जीन स्टीव्हन्स त्यांचं नाव. म्हणजे स्मार्टफोन आधी आला, बाईची प्रार्थना नंतर! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुरुषांच्या सत्राला आम्हालाही आत घ्या म्हणून बायका रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्यांना प्रवेश मिळाला नाही.

मी हे तिला म्हटलं. ती म्हणाली, 'तेव्हा मी लहान होते. आता आमच्या तुकडीतल्या मुली यावर आपसात बोलतो.' आणि मग, 'दीदी, तुमच्याकडे सगळं बरोबर आहे का?' मी हसले. आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जायला २०१६ उजाडलं. तेही कोर्टाच्या निकालानंतर. तिचा प्रश्न अगदी योग्य होता.

दुसरा मुद्दा पैशाचा. सदस्यांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा असतो. त्यातूनच हे सगळं उभं राहतं, आणि म्हणून पाहुण्यांना तिकीट लागत नाही. पण २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. कारण शेअर्समधली गुंतवणूक नावापुरत्या कंपन्यांआडून दाखवली होती, म्हणजे एकूण आकडा लोकांना कळू नये. चर्चने खेद व्यक्त केला आणि विषय संपला असं म्हटलं. त्या सुंदर बागेत उभं राहून ही गोष्टसुद्धा लक्षात ठेवायला हवी. श्रद्धेने दिलेला पैसा असतो, तेव्हा हिशेब जास्तच उघडा हवा. हे मी आपल्या देवस्थानांबद्दलही म्हणते, त्यांच्याबद्दलही.

शेवटी या हॉलची मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. २०२० चा एप्रिल. हॉलला वीस वर्षं पूर्ण होत होती. मार्चमध्ये शहरात ५.७ रिश्टरचा भूकंप झाला, मंदिराच्या कळसावरच्या देवदूताच्या पुतळ्याच्या हातातली तुतारी खाली पडली. आणि मग कोविड. परिषद रद्द झाली नाही, पण ती या हॉलमध्ये झालीच नाही. जवळच्याच एका छोट्या सभागृहात काही मोजकी माणसं लांब लांब खुर्च्या टाकून बसली आणि तिथून भाषणं झाली. क्वायरची आधी रेकॉर्ड केलेली गाणी वाजवली. एकवीस हजार खुर्च्या रिकाम्या.

आणि तरी परिषद झाली. जगभर लोकांनी घरातून ऐकली. मग एवढा हॉल हवाच कशाला, असं मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'मी त्या वर्षी सोफ्यावर बसून ऐकलं. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. पण गाणं सुरू झाल्यावर मी गायलो, तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.'

मी आवाज तुमच्या कानात घालणारी मुलगी. मला वाटायचं, आवाज पोचला की काम झालं. त्या आजोबांच्या वाक्यानंतर मला पंढरीची वाट चालणारी माणसं वेगळी दिसायला लागली. विठ्ठलाचं दर्शन आता लाइव्ह मिळतं. तरी लाखो लोक चालतात. कारण ऐकायला फोन पुरतो, पण गायला शेजारी माणूस लागतो.

कधी त्या बाजूला गेलात तर जरूर जा. कॉन्फरन्स सेंटर सगळ्यांना खुलं आहे. कपडे साधे चालतात, फोन सायलेंट ठेवा. गुरुवारी संध्याकाळी क्वायरची तालीम असते, तीही बघता येते, पण कुठल्या इमारतीत आहे ते आधी तपासा. समोरच्या मंदिरात एरवी बाहेरच्यांना प्रवेश नसतो, पण तिथे मोठं नूतनीकरण चालू आहे आणि त्यानंतर २०२७ मध्ये काही महिने ते सर्वांसाठी उघडणार आहे. मिशनरी भेटले तर घाबरू नका, त्यांना 'नको' म्हटलेलं कळतं. आणि पट्टीवर तिरंगा दिसला तर दोन मिनिटं थांबून बोला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी दारात कुणी उभं असेल, तर या आठवड्यात कॅमेरा जरा तिकडे वळवा. जेवलात का, एवढं विचारलंत तरी पुरे. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!